शेगडीला ताप येतो तेव्हा

आमच्या थोरल्या वहिनी पुण्यात सदाशिव पेठेत डबे देतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी गावाहून आलेली मुलं-मुली हे त्यांचं गिऱ्हाईक. रोज सकाळी साडेदहाच्या आत बावीस डबे भरून तयार लागतात. दोन बर्नरचा गॅस आणि जोडीला एक इंडक्शन शेगडी, एवढ्यावर त्यांचा सगळा कारभार. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. शेगडी चालता चालता टींटीं करते, पडद्यावर 'ई' आणि एक आकडा उमटतो आणि ती बंद पडते. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मुकाट चालू होते. मी आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आहे. रविवारी संध्याकाळचे डबे नसतात, म्हणून रविवारी दुपारी मल्टिमीटर घेऊन गेलो. ओट्यापाशी तीन तास आमचा वाद चालला. शेगडी चालली पाहिजे, हा वहिनींचा मुद्दा; ती का थांबते हे आधी कळलं पाहिजे, हा माझा. अशा शेगड्या आता पुष्कळ घरांत आल्या आहेत आणि त्या अशाच अडतात, म्हणून तो वाद इथे मांडतो आहे.

वहिनी : भाऊजी, पिशवी उघडायच्या आधी ऐका. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचारून झालंय. तो म्हणतो, आत सेन्सर आहे, तोच कटकट करतो. दोनशे रुपयांत बायपास करून देतो म्हणाला, परत ओरडणार नाही. तुम्ही तेवढंच करून द्या. मला सोमवारी पहाटे पाचला आमटी चढवायची आहे.

मी : बायपास म्हणजे काय करणार, हे त्याने सांगितलं का?

वहिनी : मी विचारलं नाही. मला कशाला हवंय ते?

मी : मग मी सांगतो. काचेच्या खाली मधोमध मण्याएवढा थर्मिस्टर असतो. काच तापली की त्याचा रोध कमी होतो आणि त्यावरून शेगडीला कळतं की वरचं भांडं किती तापलंय. बायपास म्हणजे तो मणी काढायचा आणि त्याच्या जागी एक साधा रेझिस्टर डागून टाकायचा. रेझिस्टरचा रोध तापमानाने बदलत नाही. म्हणजे वर कढई लालभडक झाली तरी शेगडी समजत राहणार की काच तीस अंशांवर आहे.

वहिनी : समजू दे की. भांड्यापाशी मी उभी आहे. तीस वर्षं गॅसवर स्वयंपाक करते. गॅसला कुठे असतो सेन्सर?

मी : गॅसची ज्योत दिसते. मोठी झाली तर आवाज येतो, भांडं करपायला लागलं तर बाहेरून कळतं. शिवाय ज्योतीच्या खाली सर्किट नसतं. इथे आग दिसतच नाही. कॉइलमधून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होणारा प्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडातच प्रवाह फिरायला लागतो आणि बूड स्वतः तापतं. रिकामं भांडं पूर्ण ताकदीवर एक-दोन मिनिटांत कुठल्या कुठे जातं. रिफाइंड शेंगतेल २३० अंशांच्या आसपास धुरावतं. तुम्ही फोनवर बोलायला बाहेरच्या खोलीत गेलात, एवढ्यात ते होऊ शकतं.

वहिनी : भाऊजी, आजकाल सगळंच ओरडतं. फ्रिजचं दार जरा उघडं राहिलं की फ्रिज ओरडतो, मोबाइल ओरडतो, वॉशिंग मशीन ओरडतं. कुकरची शिटी झाली म्हणून मी कुकर उतरवत नाही. मोजून चार शिट्ट्या होऊ देते. प्रत्येक आवाजाला घाबरून कामं होत नाहीत.

मी : शिटी हे कुकरचं रोजचं काम आहे. पण कुकरच्या झाकणावर आणखी एक गोष्ट असते, सेफ्टी व्हॉल्व्ह. तो उडाला तर तुम्ही काय करता?

वहिनी : नवा बसवते. आणि शिटीची नळी चोंदली होती का, ते बघते. डाळ अडकलेली असते बहुतेक वेळा.

मी : व्हॉल्व्ह सारखा उडतो म्हणून त्या भोकावर नाणं डागून घेतलंत का कधी?

वहिनी : छे! जीव जाईल.

मी : शेगडीतला हा मणी म्हणजे तोच व्हॉल्व्ह. तो उडतो, तेव्हा चोंदलेली नळी शोधायची.

वहिनींनी यावर काही उत्तर दिलं नाही. त्यांनी भिंतीवरचं 'कालनिर्णय' काढून माझ्यापुढे ठेवलं. दुधाच्या हिशेबाशेजारी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून, चौकटीचौकटीत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : 'शे. १', 'शे. २', कुठे 'शे. भाकरी'. शेगडी किती वेळा थांबली, त्याची नोंद. इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आलो की दोषाचा शोध नोंदीपासून सुरू करायचा. तशी नोंद ठेवलेली मी पहिल्यांदाच एका स्वयंपाकघरात बघत होतो.

मी : वहिनी, हे 'भाकरी' म्हणजे काय?

वहिनी : तवा ठेवला की चार-पाच मिनिटांत बंद पडते. आमटीला तसं होत नाही. पहिलं पातेलं नीट होतं, दुसरं ठेवलं की अर्ध्यात थांबते. आणि आकडाही वेगळा असतो. तव्याला तीन, आमटीला सहा.

मी : हे तुम्ही मेकॅनिकला सांगितलंत?

वहिनी : त्याने विचारलं नाही. मीही म्हटलं, आवाज तेवढा बंद कर.

मी : मग सगळा दोष त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तुम्ही जे मागितलंत, ते तो द्यायला निघाला होता.

कपाटाच्या तळातून शेगडीची पुस्तिका निघाली. या आकड्यांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, त्यामुळे पुस्तिका टाकून देऊ नये. आमच्या पुस्तिकेत तीनचा अर्थ होता, वरची काच जास्त तापली. सहाचा अर्थ होता, आतला भाग जास्त तापला. म्हणजे दुखणी दोन होती आणि ओरड एक. शेगडीत तापमान मोजणारे मणी दोन असतात : एक काचेखाली, दुसरा आतल्या ॲल्युमिनियमच्या हीट सिंकपाशी. प्रवाहाची उघडझाप करणारा आयजीबीटी नावाचा मुख्य भाग त्या हीट सिंकवर बसवलेला असतो. मेकॅनिकने वरचा मणी बायपास केला असता, तर आमटीची अडचण तशीच राहिली असती आणि तव्याच्या वेळचं संरक्षण मात्र गेलं असतं.

मी : आधी तवा बघू. आणा बरं.

वहिनी : हा. सासूबाईंचा आहे. याच्यावर भाकरी फुगते तशी कशावरच फुगत नाही.

मी : हा उपडा करा आणि बुडावर फूटपट्टी आडवी धरा. बघा, मधोमध टेकते आणि दोन्ही कडा अधांतरी. खोलगट तव्याचं बूड पोटासारखं पुढे आलेलं असतं. काचेवर ठेवला की तो नेमका मधल्या टोकावर बसतो, म्हणजे थेट त्या मण्याच्या डोक्यावर. कडा काचेपासून उंच राहतात, त्यांना चुंबकीय क्षेत्र पुरेसं मिळत नाही. भाकरीसाठी तवा कोरडाच तापवायचा, २०० अंशांच्या पुढे. मग मण्याने थांबवलं तर त्याचं काय चुकलं?

वहिनी : म्हणजे शेगडी बरोबर आणि माझा तवा चूक?

मी : तवा चूक नाही. तवा ज्योतीसाठी घडवलेला आहे. ज्योत त्याच्या पोटाला वेढून वर जाते.

वहिनी : मग असं म्हणा ना, की ही शेगडी भाकरी खाणाऱ्यांसाठी केलेलीच नाही. भाऊजी, माझा राग तिथेच आहे. आमच्याकडे तवा खोलगट, कढई गोल, पातेली पितळेची आणि ॲल्युमिनियमची. हे यंत्र सपाट बुडाचं भांडं मागतं, चुंबक चिकटेल असंच मागतं, ओटा मोकळा मागतं. मी घर चालवायचं की याची उस्तवार करायची? यंत्राने माझ्या स्वयंपाकघराशी जमवून घ्यावं. मी कशाला त्याच्याशी?

या प्रश्नावर मी थोडा अडखळलो. त्यांचं म्हणणं खरं आहे. वस्तू विकताना दुकानदार वीज किती वाचेल ते सांगतो. कोणती भांडी घरात बाद होतील ते सहसा सांगत नाही.

मी : हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. भाकरी गॅसवरच करा, त्यात शेगडीची हार नाही आणि तुमचीही नाही. पातेल्यांचं मात्र बघा. हे आमटीचं पातेलं उपडं करा. याचं बूड उलट आत गेलंय, मधे दोन-तीन मिलिमीटरची पोकळी आहे. असं भांडं मण्याला टेकतच नाही. त्याला खरी उष्णता उशिरा कळते.

वहिनी : ते खाली पडलं होतं गणपतीत. ठोकून सरळ करून घेते.

मी : सपाट झालं तर ठीक. नाहीतर ते गॅसला आणि दुसरं इकडे. आता सहा आकड्याकडे वळू. सपाट बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात चार लिटर साधं पाणी घ्या आणि पूर्ण ताकदीवर ठेवा.

वहिनी : पाण्याने काय कळणार?

मी : पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, कारण आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहोत. पाणी उकळत असेपर्यंत भांड्याचं बूड फार वर जाऊ शकत नाही. म्हणजे नुसत्या पाण्यावर शेगडी तापल्याची ओरड आली, तर भांडं निर्दोष. उष्णता आतली.

वहिनी : आणि आत कुठून येते उष्णता? तुम्हीच तर म्हणालात, बूड स्वतः तापतं.

मी : बहुतेक वीज बुडात जाते, सगळी जात नाही. थोडी कॉइलमध्ये आणि आयजीबीटीमध्ये उष्णता होऊन राहते. २००० वॅटच्या शेगडीत दहा टक्के जरी आत राहिली, तरी २०० वॅट झाले. आपल्याकडे पूर्वी शंभराचे पिवळे बल्ब असायचे, हात लावला की चटका बसायचा, आठवतं? तसे दोन बल्ब जेवणाच्या डब्याएवढ्या जागेत कोंडून पेटवल्यासारखं आहे ते. ती उष्णता बाहेर काढायला आत एक लहान पंखा असतो. खालून गार हवा घेतो, मागून गरम हवा सोडतो. त्याच्यावर सगळी मदार.

वहिनींनी कालच्या वर्तमानपत्राची वीतभर पट्टी कापली. मी ती शेगडीच्या मागच्या जाळीसमोर धरली. पहिल्या मिनिटाला पट्टी फडफडली. बाराव्या मिनिटाला पाण्याला आधण आलं, तेव्हा ती नुसती थरथरत होती. अठराव्या मिनिटाला सरळ खाली लोंबली. विसाव्या मिनिटाला टींटीं झालं आणि पडद्यावर सहा उमटला. पातेल्यात पाणी तसंच रटरटत होतं.

वहिनी : हवाच येत नाही की.

मी : येत होती, नंतर थांबली. आता शेगडी उचलू या. खाली हे काय घातलंय?

वहिनी : मेणकापड. ग्रॅनाइटवर तेलाचे डाग पडतात म्हणून. आणि शेगडीचे पाय बघा केवढेसे आहेत, बोटाएवढेही नाहीत. ओटा पुसताना खालचं पाणी निघत नाही.

मी : मेणकापडाची ही कड बघा, वर वळली आहे आणि तिच्यावर जाळीचा ठसा उमटलाय. पंखा हवा ओढतो, तेव्हा कापडच जाळीला चिकटतं. शिवाय मागे भिंतीपासून अंतर दोन बोटांचं. गरम हवा टाइल्सवर आपटून परत खालून आत जाते. आणि डाव्या अंगाला गॅसचा बर्नर, म्हणजे खालून मिळणारी हवाही तापलेली आणि फोडणीच्या धुराची.

वहिनी : ओटा सात फुटांचा आहे, भाऊजी. त्यात गॅस, इंडक्शन, मिक्सर, डब्यांची रांग. मोकळी जागा मी कुठून आणू?

मी : मिक्सर इकडे घ्या आणि शेगडी त्याच्या जागी. भिंतीपासून वीतभर पुढे. मेणकापडाऐवजी ओट्याचा उघडा दगड. डाग पडले तर पडू देत.

वहिनी : हे तुम्ही पुसणार नाही म्हणून म्हणताय.

मी : खरं आहे, पुसावं तुम्हालाच लागतं. म्हणून मधला मार्ग सांगतो. चार कोपऱ्यांच्या पायांखाली फरशीचे चार छोटे तुकडे ठेवा. शेगडी उंच होईल, हवाही जाईल आणि खालून फडकंही फिरेल. हलणार नाही एवढं मात्र बघा.

वहिनी : हे चालेल. हे आधी सांगितलं असतं कुणी तर!

मी : आता आणखी एक विचारतो. स्वयंपाक झाल्यावर शेगडी कशी बंद करता?

वहिनी : भिंतीवरचं बटण दाबून. वीज जळत राहते ना.

मी : इथेच नुकसान होतं. शेगडीवरचं बटण बंद केलं तरी पंखा मिनिट-दोन मिनिटं चालू राहतो, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भिंतीवरचं बटण दाबलं की पंखाही मरतो आणि आतली धग आतच कोंडते. रोज स्वयंपाक झाला की ती धग आतल्या भागांना भाजत राहते. पंख्याला वीज लागते तीन-चार वॅट. आधी शेगडीचं बटण, पंख्याचा आवाज थांबला की भिंतीचं.

वहिनी : आवाजाचं म्हणाल तर तो बदललाय. दिवाळीपर्यंत एकसारखा घूं यायचा. आता आधी किर्र करतो, मग बारीक होत जातो. मला वाटलं, जुनं झालं की होत असेल.

मी : वहिनी, हे तुम्ही दारातच सांगितलं असतं तर मी पाणीसुद्धा तापवलं नसतं.

शेगडी उघडण्यापूर्वी प्लग काढला आणि पंधरा मिनिटं थांबलो. हे थांबणं ज्यांना नकोसं वाटतं, त्यांनी शेगडी उघडूच नये. २३० व्होल्टचा पुरवठा आत सरळ करून घेतला की कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे बसून राहतात. मी बल्बची दोन टोकं लावून कंडेन्सर रिकामा केला, मीटरने शून्य बघितलं आणि मगच हात घातला.

आतला पंखा तळहाताएवढा. पात्यांवर फोडणीचं तेल आणि धूळ यांची काळी, चिवट साय बसली होती. नखाने ओढली तर नमद्यासारखी सोलून निघत होती. बोटाने पातं फिरवलं. चांगला पंखा अशा टिचकीने चार-पाच वेढे सहज घेतो. हा अर्ध्या वेढ्यात थांबला.

वहिनी : माझ्या शिवणयंत्राचं तेल देऊ? दोन थेंब टाकले की फिरेल.

मी : फिरेल, आठ-पंधरा दिवस. आतली बुश झिजली आहे. गार असताना फिरते, तापली की दाटते, म्हणून तर पट्टी आधी फडफडली आणि मग लोंबली. नवा पंखाच घालू. तपकीर गल्लीत दीडशे रुपयांच्या आत मिळेल. १८ व्होल्टचा आहे, तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच मापाचा आणि हवा त्याच दिशेला फेकणारा घ्यायचा.

वहिनी : कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने तर फोनवरच सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल, दोन हजार रुपये. मी म्हटलं, त्यात आणखी दीड घातले की नवी शेगडी येते. म्हणून मेकॅनिककडे गेले. तुम्ही दुरुस्तीचं एवढं बोलता, पण नवी घेतली असती तर हे तीन तास वाचले असते.

मी : नवी आणून याच मेणकापडावर, याच भिंतीला टेकवून ठेवली असती. पुढच्या वर्षी तिचाही पंखा दाटला असता.

वहिनी : ते खरं. पण सगळ्यांकडे आयटीआयचा दीर नसतो. बाकीच्यांनी काय करायचं?

मी : हा प्रश्न सरकारलाही पडला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि वॉरंटी यांचा तपशील तिथे ग्राहकासमोर ठेवावा, ही कल्पना. बाद झालेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे नवे नियमही १ एप्रिल २०२३पासून लागू झालेत.

वहिनी : पोर्टलवर पहाटे पाचला आमटी शिजत नाही. मला पेठेत चालत जाऊन दाखवता येईल असा माणूस हवा आणि त्याच्याकडे पंखा हवा.

मी : हो. हक्क कागदावर आला तरी सुटा भाग गल्लीत मिळेपर्यंत तो पुरा होत नाही. यावर माझ्याकडे तुमच्यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

पंखा नसताना बाकीचं तपासून घेतलं. हीट सिंक आणि आयजीबीटी यांच्यामधली पांढरी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती खरवडून नवी लावली. काचेखालच्या मण्यावरचीही तशीच. ही पेस्ट सुकली की मणी आणि काच यांच्यात हवेचा पापुद्रा राहतो आणि मण्याला उष्णता उशिरा कळते. मग मणी तपासला. या शेगडीत २५ अंशांना १०० किलोओहम रोधाचा थर्मिस्टर आहे. खोलीत तीसच्या आसपास तापमान होतं, मीटरने ऐंशीच्या जवळ आकडा दाखवला. वहिनींना म्हटलं, मणी चिमटीत धरा. बोटांच्या उबेने आकडा उतरत उतरत सत्तरच्या खाली आला. त्यांनी बोटं सोडली, आकडा हळूहळू वर चढला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा उतरला.

वहिनी : माझ्या हाताची ऊब याला कळते?

मी : कळते. हाच तो, ज्याला दोनशे रुपयांत काढून टाकायचं होतं.

वहिनी : कटकट करतो म्हणत होते मी याला. हा तर धडधाकट आहे.

मी : काचेखालच्या आणि हीट सिंकपाशच्या, दोन्ही मण्यांनी आपलं काम चोख केलं. पंखा थांबत होता, तेव्हा शेगडी स्वतःला बंद करून घेत होती. तसं झालं नसतं, तर आयजीबीटी जळाला असता, फ्यूज उडाला असता आणि मग खरोखरच बोर्डाचा खर्च आला असता.

वहिनी : आणखी एक दाखवते. प्लगही गरम होतो. त्याचा याच्याशी काही संबंध?

मी : हा प्लग कुठे लावता?

वहिनी : एक्स्टेंशन बोर्डात. त्याच बोर्डावर मिक्सर.

मी : ही तिसरी उष्णता, आणि सगळ्यांत वाईट. २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. तुमचा बोर्ड सहा अँपिअरचा. ही पिन बघा, काळी पडली आहे, भोकात सैल बसते. इथे सेन्सर नाही, ओरडणारं कुणी नाही. इथे थेट प्लास्टिक वितळतं. शेगडी १६ अँपिअरच्या भिंतीतल्या सॉकेटवरच लावायची. वायरमन बोलवा आणि या ओट्यासाठी जाड वायरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. पंखा मी बसवतो, पण पॉइंट झाल्याशिवाय शेगडी लावू नका.

वहिनी : म्हणजे उद्याची आमटी गॅसवर.

मी : उद्याची गॅसवर.

वहिनी : बरं. मुलांना एक दिवस अकराला डबा मिळेल. सांगते त्यांना.

मी : आणि एक लक्षात ठेवा. उद्या कधी या काचेला तडा गेला, अगदी केसाएवढा, तरी त्या क्षणी भिंतीवरचं बटण बंद. तेव्हा पंख्यासाठी थांबायचं नाही. चिकटपट्टी लावून किंवा डिंकाने जोडून वापरायची नाही. तड्यातून आमटी खाली गेली, तर ती थेट विजेवर सांडते. तसंच पंखा, पेस्ट, जाळी इथपर्यंत हात घालायला माझी हरकत नाही, पण तेही ज्याला कंडेन्सर रिकामा करता येतो त्यानेच. आयजीबीटी जळाला, फ्यूज उडाला, तर जाणत्या माणसाकडेच. तिथे नुसता फ्यूज बदलून शेगडी लावली, तर तो पुन्हा उडतो आणि आणखी काही घेऊन जातो.

वहिनी : भाऊजी, एक कबूल करते. मी आवाज बंद करा म्हणत होते, ते चुकीचं होतं. पण तुम्हीही एक कबूल करा. तुमच्या मीटरने जे दाखवलं, ते माझ्या कानाला दिवाळीपासून ऐकू येत होतं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

मी : कबूल. मी शिकवताना आधी मीटर हातात दिलं. आधी वापरणाऱ्या माणसाशी बोला, हे शिकवायला हवं होतं.

मंगळवारी वायरमनने पॉइंट काढला. बुधवारी नवा पंखा बसवून शेगडी तिच्या नव्या जागी ठेवली. पायांखाली शहाबादी फरशीचे चार तुकडे, मागे वीतभर मोकळी जागा. आमटीची दोन पातेली लागोपाठ झाली. पन्नास मिनिटं शेगडी अखंड चालली आणि शेवटपर्यंत कागदाची पट्टी मागच्या जाळीसमोर फडफडत होती. भाकऱ्या सासूबाईंच्या तव्यावर, गॅसवर. आता 'कालनिर्णया'च्या चौकटींत पुन्हा फक्त दुधाचा हिशेब आहे.

तुमच्या घरची शेगडी मधेच थांबत असेल, तर तिला दुरुस्तीला टाकण्याआधी एवढं बघा : भांड्याचं बूड सपाट आहे का, खालून-मागून हवेला वाट आहे का, प्लग गरम होतो का, आणि कागदाची पट्टी विसाव्या मिनिटालाही हलते का. पंख्याचा आवाज कधीपासून बदलला, ते आठवून लिहून ठेवा. मग तो कागद मेकॅनिकच्या हातात द्या आणि त्याला सांगा, 'आवाज बंद करू नका, ती का थांबते ते शोधा.' आपण जे मागतो, तेच आपल्याला मिळतं.